वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन अभ्यासक्रमाची मांडणी आणि विद्यार्थ्याचे स्वागत

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे दोन चिंतांभोवती फिरतात. महाविद्यालयातील एखादा विषय पूर्णपणे ऑनलाइन शिकवायचा तर तो मांडायचा कसा, ही पहिली. आणि समोर न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे आपलेपणा कसा वाटेल, ही दुसरी. माझ्या मते या दोन्ही चिंतांचे मूळ एकच आहे. काय करायचे, कुठे करायचे आणि केव्हा करायचे हे ज्याला शोधत बसावे लागत नाही, त्या विद्यार्थ्याला आपल्या येण्याची कोणीतरी तयारी करून ठेवली आहे हे पहिल्याच दिवशी जाणवते. पुढील उत्तरे याच समजुतीने लिहिली आहेत.

प्रश्न : मी अनेक वर्षे वर्गात संख्याशास्त्र शिकवते. पुढच्या सत्रात हाच विषय पूर्णपणे ऑनलाइन शिकवायचा आहे. टिपणे, स्लाइड, सरावाची उदाहरणे असे सगळे साहित्य तयार आहे. ते पोर्टलवर चढवले की काम झाले, असे सहकारी म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण सुरुवात कुठून करावी हेही कळत नाही. — एक प्राध्यापिका

उत्तर : आपली शंका योग्य आहे. साहित्य तयार असणे ही जमेची बाजू आहे, मात्र आखणीची सुरुवात त्यापासून करू नये. वर्गात त्या साहित्याला आपला आवाज जोडलेला असतो. कोणती स्लाइड महत्त्वाची, कोणती नुसती डोळ्यांखालून घालायची, कुठे थांबून उदाहरण सोडवायचे हे आपण बोलता बोलता सांगत असता, आणि समोरच्या चेहऱ्यांवर गोंधळ दिसला तर तिथल्या तिथे मार्ग बदलत असता. तीच स्लाइड पोर्टलवर एकटी गेली की हा सगळा भाग गळून पडतो, आणि विद्यार्थ्याच्या हाती फाइलींचा ढीग तेवढा उरतो. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून हे आग्रहाने मांडले आहे की दूरशिक्षणातील खरे अंतर भौगोलिक नसून समजुतीचे आणि संवादाचे असते. ते किती राहील हे अभ्यासक्रमाची रचना, त्यात होणारा संवाद आणि विद्यार्थ्याची स्वतःच्या बळावर पुढे जाण्याची क्षमता या तिन्हींवर ठरते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

म्हणून शेवटापासून सुरुवात करावी. सत्र संपेल तेव्हा विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे पाच-सहा वाक्यांत लिहून काढा. ‘सरासरी व मध्यक यांतील फरक समजेल’ असे वाक्य इथे उपयोगी पडत नाही, कारण समजले की नाही हे तपासणार कसे? ‘दिलेली आकडेवारी पाहून तिथे सरासरी वापरावी की मध्यक, हे ठरवता येईल आणि त्याचे कारण दोन वाक्यांत सांगता येईल’ असे लिहिले की कसोटी कोणती घ्यायची हे त्या वाक्यातच दिसू लागते. कसोटी ठरली की तिच्यासाठी कोणता सराव हवा हे ठरते, आणि सराव ठरला की त्याच्यासाठी काय वाचायचे व पाहायचे ते सर्वांत शेवटी ठरते. या क्रमाने गेल्यास आपल्या तयार साहित्यातील बराचसा भाग गळेल किंवा ‘अधिक वाचनासाठी’ या सदरात जाईल. त्याचे वाईट वाटेल, पण ते होऊ द्यावे. ऑनलाइन अभ्यासक्रमात न वापरलेले साहित्य निरुपद्रवी नसते. यातले नेमके आवश्यक काय, या चिंतेत ते विद्यार्थ्याला टाकते.

त्यानंतर आठवड्यांची मांडणी करावी, आणि प्रत्येक आठवड्याचा साचा अगदी सारखा ठेवावा. आठवड्याचे पान उघडताच सर्वांत वर दोन-चार ओळींत या आठवड्याचा विषय काय आणि मागच्या आठवड्याशी त्याचा संबंध काय, हे असावे, त्याखाली वाचन व व्हिडिओ, प्रत्येकापुढे त्याला लागणारा अंदाजे वेळ, मग सराव, मग जमा करायचे काम आणि त्याची मुदत. वेळेचा अंदाज प्रामाणिकपणे द्यावा. जे प्रकरण आपल्याला अर्ध्या तासात वाचून होते, ते पहिल्यांदा वाचणाऱ्याला दुप्पट वेळ घेऊ शकते. मुदतीचा वार आणि वेळ संपूर्ण सत्रात एकच ठेवता आली तर उत्तम, आणि विद्यार्थी वेगवेगळ्या देशांत असतील तर ती वेळ कोणत्या देशाची हेही लिहावे. फाइलींची नावे अशी द्यावीत की ती डाउनलोड केल्यावरही ओळखू येतील. ‘आठवडा ३, मध्यक, सराव’ हे नाव दोन महिन्यांनी उपयोगी पडते, ‘नवीन अंतिम २’ हे पडत नाही. फोल्डरात फोल्डर आणि त्यात आणखी फोल्डर अशी उतरंड टाळावी.

आणखी एक पान स्वतंत्रपणे करावे, त्याला ‘येथून सुरुवात करा’ असे सरळ नाव द्यावे. आपली ओळख, संपर्काची पद्धत, गुणांची विभागणी, पहिल्या आठवड्यात नेमके काय करायचे आणि तांत्रिक अडचण आली तर कोणाकडे जायचे, एवढेच त्यात असावे. सत्र सुरू होण्यापूर्वी विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या परिचिताला हे सगळे उघडून द्या आणि ‘दुसऱ्या आठवड्याचे काम शोध’, ‘ते केव्हापर्यंत द्यायचे ते सांग’, ‘उशीर झाला तर काय होते ते शोध’ अशी दोन-चार कामे सांगा. शेजारी बसून पाहा, मदत करू नका. तो जिथे जिथे अडखळेल, तिथे तिथे दुरुस्ती हवी आहे.

प्रश्न : मी नोकरी सांभाळून पदवीचा अभ्यास करतो. यंदा माझे चार विषय ऑनलाइन आहेत. पोर्टल एकच, पण प्रत्येक विषयाची मांडणी वेगळी. एका विषयात कामाची मुदत फक्त एका व्हिडिओच्या शेवटी तोंडी सांगितली होती. माझा तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहायचा राहिला आणि गुण गेले. सगळे नीट एका ठिकाणी हवे, ही अपेक्षा आळशीपणाची आहे का? — एक विद्यार्थी

उत्तर : मुळीच नाही. ‘शोधाशोध करणे हाही शिक्षणाचाच भाग आहे’ असे काही शिक्षक म्हणतात, पण संदर्भ शोधायला शिकणे वेगळे आणि गृहपाठाची तारीख शोधत फिरणे वेगळे. दुसऱ्यातून कोणतेही ज्ञान मिळत नाही. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून विकसित केलेल्या आकलनभाराच्या सिद्धांताचा गाभा असा की नवी माहिती हाताळणारी आपली कार्यस्मृती फार मर्यादित असते. तिचा जो वाटा मांडणीतील गोंधळ निस्तरण्यात जातो, तो विषय समजून घ्यायला उरत नाही. चार विषयांच्या चार मांडण्या डोक्यात ठेवणारा विद्यार्थी अभ्यासाला बसतो तेव्हाच थोडा दमलेला असतो, आणि नोकरीनंतर मिळणाऱ्या तासाभरातली पंधरा मिनिटे शोधण्यात गेली तर ती मोठीच हानी असते.

मुदत, गुणांची विभागणी, नियमांतील बदल अशा गोष्टी लेखी असाव्यात, एका ठरलेल्या जागी असाव्यात, आणि व्हिडिओत त्यांचा उल्लेख केला तरी तो पुनरुच्चार म्हणून. एकच तारीख कधीही दोन ठिकाणी स्वतंत्रपणे टंकू नये; एक बदलली जाते, दुसरी राहून जाते, आणि मग खरी कोणती यावरून तक्रारी सुरू होतात. शक्य असेल तिथे एका विभागातील शिक्षकांनी एकत्र बसून निदान मुख्य पानाचा साचा सारखा ठरवावा. कोणी काय शिकवावे यात त्याने काहीच ढवळाढवळ होत नाही.

आपल्या बाजूने करण्यासारखे असे : सत्राच्या पहिल्याच आठवड्यात चारही विषयांच्या मुदती एका कॅलेंडरात स्वतः उतरवून घ्या, आणि जिथे तारीख सापडत नाही तिथे लगेच शिक्षकांना लिहा. ‘सर, तिसऱ्या स्वाध्यायाची मुदत मला मुख्य पानावर दिसली नाही, ती कुठे नोंदवली आहे?’ असा साधा प्रश्न तक्रार ठरत नाही. उलट, इतर विद्यार्थीही तीच तारीख शोधत असण्याची शक्यता असते, आणि शिक्षकाला ते कळण्याचा दुसरा मार्ग बहुधा नसतो. गेलेल्या गुणांबद्दलही एकदा सविस्तर लिहून विचारावे, असे मी सुचवेन.

प्रश्न : मी समाजशास्त्र शिकवतो. ऑनलाइन तासाला सगळे कॅमेरे बंद, प्रश्न विचारला तर शांतता, आणि चर्चामंचावर ‘सहमत आहे’, ‘छान लिहिले’ एवढेच. वर्गातील ऊब इथे आणायची कशी? कॅमेरा सक्तीचा करावा का? — एक अध्यापक

उत्तर : सक्ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद कॅमेऱ्यामागे अनास्था असेलच असे नाही. स्वतंत्र खोली नसणे, इंटरनेटचा वेग अपुरा असणे, घरातली परिस्थिती दिसू नये असे वाटणे, अशी कितीतरी कारणे असतात आणि ती विद्यार्थ्याला उघडपणे सांगावीशी वाटत नाहीत. शिवाय व्हिडिओ बैठकींचा थकवा खरा असतो. संवादमाध्यमांचे अभ्यासक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणे मांडली : अगदी जवळून रोखलेल्या नजरा, हावभाव पोहोचवण्या-ओळखण्याचा जादा ताण, स्वतःचाच चेहरा अखंड दिसत राहणे, आणि एका जागी जखडून बसावे लागणे. सक्तीने चेहरे दिसतील, पण त्यामुळे बोलणे सुरू होईल याची हमी नाही.

या संदर्भात एक गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते. ऑनलाइन शिक्षणात आज ज्या सैद्धांतिक मांडणीचा सर्वत्र आधार घेतला जातो, ती रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० मध्ये पुढे आणली, आणि तिचा उगम संगणकावरील निव्वळ लिखित चर्चांच्या अभ्यासात आहे. तिथे चेहरा नव्हता, आवाजही नव्हता. तरीही लोक एकमेकांना माणूस म्हणून जाणवू शकतात, विचार एकत्र पुढे नेऊ शकतात, आणि शिक्षकाचे असणे त्या चर्चेत स्पष्ट कळू शकते, असे त्यांनी दाखवले. सामाजिक, वैचारिक आणि अध्यापकीय अशा तीन प्रकारच्या उपस्थितींबद्दल ते बोलतात. आपल्या अभ्यासक्रमात या तिन्हींसाठी जागा ठेवली आहे का, हे आधी पाहावे लागते.

सुरुवात सत्राच्या आधी होते. वर्ग उघडण्यापूर्वी काही दिवस प्रत्येकाला एक छोटे पत्र पाठवावे. त्यात आपण कोण, या विषयात आपल्याला स्वतःला काय आवडते, पहिल्या आठवड्यात काय होणार आणि अडचण आल्यास कसे गाठायचे, एवढे असले तरी पुष्कळ. सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ असल्यास उत्तम. तो सजवलेला नसला तरी चालतो, फक्त बोलणे आपले असावे. अभ्यासक्रमाच्या नियमपत्रिकेची भाषाही याच दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. ‘विलंबाने आलेली कामे स्वीकारली जाणार नाहीत’ हे आणि ‘वेळेत देणे शक्य होणार नसेल तर मुदतीच्या आधी मला कळवा, आपण मार्ग काढू’ हे वाक्य वाचताना विद्यार्थ्याच्या मनात येणारा शिक्षक वेगवेगळा असतो. अनेक विद्यार्थ्यांशी आपली पहिली भेट या कागदावरच होते.

पहिल्या आठवड्यातील कामाला गुण नगण्य असावेत आणि ते प्रत्येकाला जमेल असे असावे. ‘स्वतःची ओळख करून द्या’ असे मोघम सांगितले तर नाव, गाव, छंद यांची यादी येते आणि कोणी कोणाचे वाचत नाही. त्याऐवजी विषयाला जोडून विचारावे : ‘तुमच्या घरात अलीकडे कोणता निर्णय सर्वांनी मिळून घेतला, आणि त्यात शेवटचा शब्द कोणाचा होता?’ समाजशास्त्राची सुरुवात इथूनच होऊ शकते. कॅमेरा नको असेल त्याला छायाचित्र, आवाज किंवा नुसता मजकूर असे पर्याय द्यावेत. आपले नाव कसे उच्चारायचे हे प्रत्येकाला सांगू द्यावे, आणि पुढे तसेच उच्चारावे. या पहिल्या कामाला मात्र आपण स्वतः प्रत्येकाला उत्तर द्यावे, दोन ओळींचे का होईना. पुढे दर आठवड्याला हे शक्य होत नाही. पहिल्या वेळी ते केल्याचा परिणाम बराच काळ टिकतो.

‘सहमत आहे’ या उत्तरांचा दोष बहुधा प्रश्नात असतो. ‘सामाजिक गतिशीलतेची संकल्पना स्पष्ट करा’ असे विचारल्यावर पन्नास जण तोच परिच्छेद लिहिणार, मग एकावन्नाव्याने असहमत तरी कशाशी व्हायचे? ज्याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल असा प्रश्न हवा. वेगवेगळ्या पिढ्यांतील दोन व्यक्तींना त्यांनी आपले काम कसे निवडले हे विचारून यायचे, आणि वाचनातील संकल्पना त्यांच्या अनुभवाला कुठे लागू पडते व कुठे अडते हे लिहायचे, असे सांगितले तर उत्तरे एकमेकांशी बोलू लागतात. चर्चेसाठी पाच ते आठ जणांचे गट करावेत, कारण साठ जणांच्या मंचावर कोणीही साठ लेख वाचत नाही. पहिल्या लेखाची मुदत आठवड्याच्या मध्यावर आणि प्रतिसादांची शेवटी ठेवावी. दोन्ही एकाच रात्री असतील तर चर्चा होण्याआधीच संपते. प्रतिसादात एक प्रश्न, एक प्रतिउदाहरण किंवा एक नवा दुवा असलाच पाहिजे, हे आधी सांगावे आणि एखादा नमुना दाखवावा.

आपण स्वतः या चर्चेत किती बोलावे, हा नाजूक भाग आहे. शिक्षकाने प्रत्येक लेखाखाली लगेच निकाल दिला की इतरांचे बोलणे थांबते. शिक्षक पूर्ण गप्प राहिला तर कोणी वाचत नाही असे वाटते. मला सर्वांत फलदायी वाटलेली पद्धत अशी की आठवड्याअखेर एका पानाचा गोषवारा लिहावा, त्यात कोणी कोणता मुद्दा मांडला हे नावानिशी सांगावे, दोन मतांमधील ताण दाखवावा आणि पुढच्या आठवड्याचा विषय त्या ताणाला जोडावा. आपले वाक्य शिक्षकाने वाचले, उद्धृत केले आणि पुढे नेले, हे पाहणारा विद्यार्थी पुढच्या वेळी अधिक विचार करून लिहितो. प्रत्यक्ष तासाला व्याख्यान न देता त्या वेळेत उदाहरणांवर काम करावे, बोलण्याइतकेच लिहून उत्तर देण्याला महत्त्व द्यावे, आणि प्रश्न विचारल्यावर थांबावे. पडद्यावर शांतता असह्य वाटते, पण टंकायला वेळ लागतो.

प्रश्न : तासाभराची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करावीत का? चांगला स्टुडिओ उपलब्ध नाही. — एक प्राध्यापक

उत्तर : तासाभराचा एक सलग व्हिडिओ करू नये, त्याचे विषयवार तुकडे करावेत. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक त्यात रमण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पुढे जात नाही असे दिसले. हे विद्यार्थी स्वेच्छेने खुल्या अभ्यासक्रमांत आलेले होते, तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्यांना तोच आकडा जसाच्या तसा लावू नये. एखादी सिद्धता मांडायला बारा मिनिटे लागत असतील तर ती तोडू नये. एका व्हिडिओत एक मुद्दा, हा नियम मात्र पाळण्यासारखा आहे. त्याच अभ्यासात खर्चिक स्टुडिओतील चित्रणापेक्षा साध्या, अनौपचारिक चित्रणात प्रेक्षक अधिक रमल्याचे आढळले, तेव्हा स्टुडिओची काळजी सोडावी. आवाज स्वच्छ येईल एवढे पाहावे, कारण अंधूक चित्र लोक सहन करतात, खरखरणारा आवाज करत नाहीत.

स्लाइडवरील मजकूर शब्दशः वाचून दाखवू नये. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून असे दिसते की चित्राबरोबर तेच शब्द पडद्यावर आणि कानावर एकाच वेळी आले तर शिकण्याला मदत होण्याऐवजी बहुधा अडथळा होतो, आणि संवादी भाषेतील निवेदन औपचारिक निवेदनापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. प्रत्येक व्हिडिओनंतर दोन-तीन प्रश्न ठेवावेत, गुणांसाठी नव्हे, आठवून पाहण्यासाठी. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो स्वतःहून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले होते. या लहानशा सरावाचे मोल व्हिडिओच्या सजावटीपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

प्रश्न : माझ्या ऑनलाइन वर्गात एका दृष्टिहीन विद्यार्थिनीने प्रवेश घेतला आहे. ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, वापरते. ऐन वेळी मी काय काय बदलू? — एक प्राध्यापिका

उत्तर : आधी तिलाच विचारा. तिची साधने आणि सवयी तिला सर्वांत चांगल्या माहीत आहेत, आणि ‘कोणत्या फाइली आपल्याला सोयीच्या जातात, कोणत्या अडतात?’ या प्रश्नाने अर्धे काम होईल. मग पहिल्या दोन आठवड्यांचे साहित्य आधी हाती घ्या, बाकीचे ओळीने.

सर्वांत मोठा अडथळा बहुतेक वेळा स्कॅन केलेल्या पीडीएफचा असतो. डोळ्यांना तो मजकूर दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ते केवळ चित्र असते आणि स्क्रीन रीडरला त्यात वाचण्यासारखे काही सापडत नाही. अशा पानांवर अक्षर-ओळख प्रक्रिया करून मजकूर तपासून घ्यावा किंवा मूळ दस्तऐवज द्यावा. शीर्षके नुसती ठळक व मोठी न करता शीर्षकाची शैली वापरून द्यावीत, कारण स्क्रीन रीडर वापरणारे शीर्षकांवरून उड्या मारत पान चाळतात. चित्रांना आणि आलेखांना वर्णन हवे, आणि ते ‘आलेख’ एवढेच न देता आलेखातून जे समजून घ्यायचे आहे ते सांगणारे हवे. दुव्यांना ‘येथे क्लिक करा’ असे नाव देऊ नये. दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू येते आणि काहीच कळत नाही. समीकरणे चित्ररूपात न देता वाचता येतील अशा स्वरूपात द्यावीत. व्हिडिओत ‘हे इथे आणि ते तिथे’ असे न म्हणता काय कुठे आहे ते बोलून सांगावे.

वेब संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या संस्थेने केलेले मार्गदर्शक निकष आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या आकाराच्या अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातील फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, सूचना केवळ रंगाने देऊ नये, माउसशिवाय केवळ कीबोर्डने सगळे करता यावे, व्हिडिओंना उपशीर्षके (बोललेल्या शब्दांचा पडद्यावर दिसणारा मजकूर) असावीत, अशा त्यांतील अटी सांभाळणे कठीण नाही. आपोआप तयार होणारी उपशीर्षके एकदा नजरेखालून घालावीत, पारिभाषिक शब्दांत ती हमखास चुकतात. हे सारे पुढच्या वेळी कोणी मागण्याआधीच करून ठेवावे, कारण प्रत्येक विद्यार्थी आपली अडचण बोलून दाखवत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात १२० विद्यार्थी आहेत. संदेशांना उत्तरे देण्यात संध्याकाळ जाते. मुदत वाढवून मागणारेही रोज असतात. नकार दिला तर कठोर वाटते, होकार दिला तर वेळेत काम देणाऱ्यांवर अन्याय होतो. — एक अध्यापिका

उत्तर : उपलब्ध राहणे म्हणजे अष्टप्रहर उपलब्ध राहणे नव्हे. उत्तर किती वेळात मिळेल हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा, उदाहरणार्थ कामाच्या दिवशी २४ तासांत आणि सुट्टीत ४८ तासांत, आणि ते काटेकोरपणे पाळा. विद्यार्थ्याला तत्काळ उत्तरापेक्षा उत्तराची खात्री अधिक हवी असते. अभ्यासक्रमाविषयीचे प्रश्न खासगी संदेशात न घेता सर्वांना दिसणाऱ्या एका प्रश्नमंचावर घ्यावेत, म्हणजे एक उत्तर अनेकांना पुरते. वैयक्तिक अडचणींसाठी मात्र खासगी वाट खुली असावी. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर उत्तर लिहून थांबू नका, ज्या पानावरून तो उद्भवतो ते पान दुरुस्त करा.

तपासणीचा भार हलका करण्यासाठी गुणांकनाचे निकष कामासोबतच द्यावेत. अमेरिकेतील मेरी-ॲन विंकेल्म्स यांनी पुढे आणलेली एक साधी रीत उपयोगी आहे : प्रत्येक कामाच्या सूचनेत हेतू, करायची कृती आणि यशाचे निकष हे तीन भाग स्पष्ट लिहायचे. सूचना नीट असल्या की ‘नेमके काय लिहायचे?’ हे संदेश कमी होतात आणि आलेली कामेही सुधारतात. अभिप्राय सर्वांना लांबलचक देणे शक्य नसेल तर वर्गात सर्रास दिसलेल्या चुकांवर एक सामायिक टिपण लिहावे, आणि प्रत्येकाला त्याच्या कामापुरते एक बलस्थान व एक पुढचे पाऊल सांगावे. पुढचे काम जमा होण्याआधी ते पोहोचले पाहिजे; नंतर आलेला अभिप्राय कोणी उघडत नाही.

मुदतीबाबत माझा सल्ला असा की दया आणि नियम यांत निवड करू नका, दया नियमातच लिहून ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रात, समजा, दोनदा ४८ तासांची सवलत मिळेल, कारण सांगण्याची गरज नाही, मात्र मुदतीपूर्वी कळवावे लागेल, असे ठरवले की विनवण्यांची गरजच उरत नाही आणि मागायला संकोचणाऱ्यालाही तीच सवलत मिळते. आज ती बहुतेक वेळा धीटपणे मागणाऱ्यालाच मिळते, आणि खरा अन्याय तिथे होतो. ज्या कामावर इतरांचे काम अवलंबून आहे, म्हणजे गटचर्चा किंवा एकमेकांचे लेखन तपासणे, ते या सवलतीतून वगळावे आणि तसे का केले हे सांगावे. आजारपण किंवा घरातील मोठे संकट यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. पोर्टलवर कोण बरेच दिवस आलेले नाही हे आठवड्यातून एकदा पाहून अशांना दोन ओळी लिहाव्यात : ‘या आठवड्यात आपण दिसला नाहीत, काही अडले आहे का?’ यात जाब विचारल्याचा सूर येऊ देऊ नये.

तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात एक निनावी प्रश्नावली द्यावी, तीनच प्रश्नांची : कशाची मदत होते आहे, काय अडते आहे, आणि कोणती एक गोष्ट बदलावी. उत्तरे वाचून काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही व का, हे पुढच्या सोमवारपर्यंत सर्वांना लेखी कळवावे. बदल करायचेच असतील तर ते पुढील आठवड्यांच्या पानांवर करावेत, आणि जाहीर झालेल्या तारखांना हात लावू नये.